मेंढरांची धनीण एलिझाबेथ मॅकआर्थर

थोर स्त्रियांची चरित्रे आपल्या स्मरणिकेत नेहमीच येतात. यंदा मी जरा लांबची बाई निवडली आहे. माझी धाकटी नणंद ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातील हॅरिस पार्कला राहते. सासूबाईंना प्रवास झेपेना, म्हणून तिच्या बाळंतपणाला मी गेले. तिथे आपल्या भारतीयांची दुकाने इतकी, की परदेशात आहोत असे वाटत नाही. त्याच भागात पॅरामॅटा नदीजवळ या बाईचे 1793 साली बांधलेले घर आहे. आता ते संग्रहालय आहे. घर मी पाहिले. बाकीची हकिगत नणंदेने पुस्तकांतून वाचून सांगितली.

एलिझाबेथ 1766 मध्ये इंग्लंडातील डेव्हन परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मली. लहानपणीच वडील गेले. 1788 मध्ये जॉन मॅकआर्थर या लष्करी अधिकाऱ्याशी तिचे लग्न झाले. नवरा हुशार, पण तापट. इंग्रजांनी तेव्हा ऑस्ट्रेलियात कैद्यांची वसाहत नुकतीच वसवली होती. तिकडे त्याची नेमणूक झाली आणि ही तान्हे मूल घेऊन 1790 च्या आरंभी कैद्यांच्या जहाजातून निघाली. त्या जहाजावर दीडशेहून अधिक कैदी मेले. नवऱ्याचे अधिकाऱ्यांशी भांडण झाले, म्हणून भर समुद्रात जहाज बदलावे लागले. वाटेत तिला दिवसांआधीच मुलगी झाली, ती जगली नाही. त्या दर्यात तिचे बाळंतपण कोणी केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नदीकाठी 100 एकर जमीन मिळाली. तिथे घर बांधून नवऱ्याने त्याला हिचे नाव दिले. पुढे 1801 मध्ये त्याने आपल्याच वरिष्ठावर द्वंद्वयुद्धात गोळी झाडली. त्यासाठी त्याला इंग्लंडला पाठवले, तो 1805 मध्ये परतला. 1808 मध्ये गव्हर्नरविरुद्धच्या बंडात पडला आणि त्यापायी 1809 पासून 1817 पर्यंत परदेशी राहिला. अशी बारा वर्षे सारा कारभार हिने पाहिला. मेंढ्यांची पैदास, लोकर कातरणे, गड्यांचा हिशेब, सगळे हिच्याकडे. बापासोबत गेलेला एक मुलगा जॉन तर तिकडेच राहिला. तो 1831 मध्ये वारला, पण सात वर्षांच्या त्या पोराला आईने पुन्हा पाहिले नाही.

नेपियन नदीच्या खोऱ्यात त्यांची मोठी जमीन होती. वसाहतीतून 1788 मध्ये पळालेली थोडी गुरे तिथे पोसली आणि 1795 मध्ये त्यांचा कळप सापडला, म्हणून त्या रानाला गाईंचे कुरण म्हणत. पण ते रान मोकळे नव्हते, धारावल लोकांचे होते. 1816 च्या एप्रिलमध्ये जवळच्या ॲपिनला सैनिकांनी रात्री त्यांच्यावर हल्ला केला. बायकामुलांसह निदान चौदा जण मेले, काही तर कड्यावरून पडून. तेव्हा इकडची जमीन एलिझाबेथच सांभाळत होती. तिच्या कष्टांचे मला कौतुक आहे, पण जमिनीचे मूळ धनी कोण, हे सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही.

नाव मात्र नवऱ्याचे झाले. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने काढलेल्या दोन डॉलरच्या नोटेवर त्याचेच चित्र होते. अखेरीस त्याचे मन बिघडले, तो तिच्यावर संशय घेऊ लागला आणि त्याने तिला तिच्याच नावाच्या घरातून बाहेर काढले. 1834 मध्ये तो वारला. पुढे सोळा वर्षे ती जगली, 1850 मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी गेली. मायदेशी एकदाही परतली नाही.

नेपियनकाठच्या वाड्यातला वंश तिचा मुलगा जेम्स याच्या एकुलत्या एका मुलीने चालवला. तिचेही नाव एलिझाबेथ. लग्नानंतर घराण्याचे नाव मॅकआर्थर-ऑन्स्लो असे जोडनाव झाले, आणि तो वाडा आजही त्याच वंशजांकडे आहे.