यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर, १९२१ - १० जुलै, १९४४) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश भारतीय सैन्याच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते. इटलीत जर्मन सैन्याविरुद्ध गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले.

प्रारंभिक जीवन

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत दाखल झाले व नाईक या हुद्द्यावर पोहोचले. या हुद्द्यामुळे एका रायफलधारी तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

इटलीतील मोहीम

४ जून, १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे टप्प्याटप्प्याने माघार घेत होते. घाडगे यांची पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. हा प्रदेश डोंगराळ असल्याने बचाव करणाऱ्यास अनुकूल होता. मशीनगनची ठाणी आणि आडोशाला दडलेले नेमबाज यांचा जर्मन बचावात मोठा वाटा असे. हे नेमबाज प्रामुख्याने दुर्बीण बसवलेली ७.९२ मिमी व्यासाची मॉझर रायफल वापरीत. जवळपास तेवढ्याच व्यासाची, पण कितीतरी मोठ्या काडतुसाची पान्झरब्युक्से ३९ ही रणगाडाभेदी रायफलही जर्मनांनी बनवली होती. रणगाड्यांचे चिलखत जाड होत गेल्यावर ती कुचकामी ठरली आणि अशा अनेक रायफली बाँब फेकण्यासाठी बदलून घेण्यात आल्या. साध्या मॉझरचा धोका मात्र पायदळाला अखेरपर्यंत राहिला.

१० जुलै, १९४४ची चकमक

या दिवशी पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्च्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा जबरदस्त मारा झाला. त्यात ते स्वतः वगळता तुकडीतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही घाडगे एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबाँब टाकून मशीनगन निकामी केली व ती चालवणाऱ्यास ठार केले. नंतर टॉमी गनने आणखी एकास टिपले. काडतुसांची पेटी बदलण्यास वेळ नसल्याने त्यांनी टॉमी गन नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. परंतु शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

सन्मान आणि स्मारके

त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पुढे ९ एप्रिल, १९४५ रोजी इटलीतीलच सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनाही हे पदक मिळाले. घाडगे यांची ज्ञात समाधी नाही. ज्यांच्या अंत्यस्थानाची नोंद नाही अशा राष्ट्रकुल सैनिकांसाठी उभारलेल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगाव येथेही त्यांचे स्मारक आहे.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक सैनिक मायदेशी परतले नाहीत. या योगदानाच्या स्मरणार्थ जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोन्तोने या गावी घाडगे यांच्या नावाने सूर्यघडीच्या रूपातील स्मारकाचे अनावरण झाले. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य या स्मारकास दिले आहे.