युद्धकाळातील लंडनचा मराठी आवाज : वेणू चितळे

१ डिसेंबर १९४२ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या ध्वनिमुद्रण कक्षात टिपलेले एक छायाचित्र साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. भारतासाठी प्रसारित होणाऱ्या ‘व्हॉइस’ या इंग्रजी वाङ्मयीन कार्यक्रमाच्या प्रसंगी ते घेतले गेले. त्यात कवी टी. एस. एलियट आहेत, कादंबरीकार मुल्कराज आनंद आहेत, वेस्ट इंडीजसाठीच्या कार्यक्रमांच्या प्रमुख ऊना मार्सन आहेत. मागे उभे असलेले उंच, कृश गृहस्थ म्हणजे कार्यक्रमाचे निर्माते जॉर्ज ऑरवेल. बसलेल्यांच्या रांगेत सर्वांत डावीकडे एक मराठी तरुणी दिसते. तिचे नाव वेणू चितळे.

वेणू दत्तात्रेय चितळे यांचा जन्म २८ डिसेंबर १९१२ रोजी कोल्हापूर परिसरात झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने थोरल्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे मुंबईत त्यांचे शिक्षण झाले. मुलींचे शालेय शिक्षणही अनेक घरांत अपूर्ण राहत असे, अशा काळात, १९३४ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये त्यांनी माँटेसरी शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू ब्रिटिश जनतेपुढे मांडणाऱ्या, कृष्ण मेनन यांच्या ‘इंडिया लीग’शीही त्यांचा संबंध आला.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. भारतीय नेत्यांना न विचारताच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. भारतीय जनमत आपल्या बाजूला राखण्यासाठी ब्रिटनला भारतीय भाषांतील आवाजांची निकड भासू लागली. जर्मनीहूनही भारतासाठी प्रसारण होत होते, आणि १९४२ च्या आरंभापासून नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा आवाज तेथून ऐकू येऊ लागला होता. बीबीसीने मे १९४० मध्ये हिंदुस्थानी सेवा सुरू केली. मराठी प्रसारणाला मार्च १९४२ मध्ये आरंभ झाला.

युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच वेणू चितळे बीबीसीच्या भारतीय विभागात दाखल झाल्या. ऑगस्ट १९४१ मध्ये जॉर्ज ऑरवेल तेथे आले आणि त्यांच्या निकटच्या सहकारी म्हणून चितळे यांनी काम केले. ऑरवेल यांचे मूळ नाव एरिक ब्लेअर. त्यांचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा. आठवड्याच्या युद्धघडामोडींवर ते इंग्रजीत वार्तापत्रे लिहीत. त्यांपैकी काहींची भारतीय भाषांत भाषांतरे होऊन ती त्या त्या भाषेच्या निवेदकांकडून वाचली जात. मराठीतून श्रोत्यांशी बोलणाऱ्यांमध्ये वेणू चितळे होत्या.

प्रसारणाचा प्रत्येक दिवस काटेकोर शिस्तीचा असे. कोणतीही संहिता आधी लेखी तयार करावी लागे. शत्रूच्या उपयोगी पडेल अशी माहिती त्यात नाही ना, आणि मजकूर सरकारी धोरणाशी सुसंगत आहे ना, अशी दुहेरी तपासणी होई. संमतीचे शिक्के पडल्यावरच निवेदक ध्वनिक्षेपकासमोर बसत आणि मंजूर मजकुराबाहेर जाण्यास वाव नसे. जून १९४२ पासून विभागाचे काम ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत चाले. लघुलहरींवरून हा आवाज हजारो मैलांवरच्या भारतात पोहोचे. मात्र भारतात त्या काळी फार थोड्या घरांत रेडिओ संच होते. हे प्रसारण ऐकते तरी कोण, ही शंका खुद्द ऑरवेल यांनाही छळत असे. अखेर नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली.

चितळे यांच्या कामाचा एक भाग ब्रिटिश श्रोत्यांसाठीही होता. जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे नियंत्रण लागू झाले होते. लोणी, साखर, मांस मोजून मिळू लागले. अशा वेळी ‘किचन फ्रंट’ या लोकप्रिय कार्यक्रमातून त्यांनी इंग्रज गृहिणींना शाकाहारी पदार्थ शिकवले. मराठी स्वयंपाकघरातील काटकसरीचे शहाणपण असे टंचाईग्रस्त लंडनच्या कामी आले.

तथापि, या कामात एक अवघड पेच दडलेला होता आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो तीव्र झाला. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधींसह काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. ‘व्हॉइस’चा पहिला अंक ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी प्रसारित झाला. त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच लंडनमधील ते छायाचित्र निघाले. एकीकडे स्वातंत्र्यासाठी चोरून चालवलेले केंद्र, तर दुसरीकडे राज्यकर्त्यांच्या राजधानीतील अधिकृत प्रसारण. फॅसिझमचा पराभव व्हावा आणि भारतही स्वतंत्र व्हावा, असे मानणाऱ्या लंडनमधील अनेक भारतीयांना या दोन ध्येयांच्या ओढाताणीतूनच वाट काढावी लागली.

वेणू चितळे यांचे पुढील आयुष्य त्यांचा कल कोठे होता हे सांगते. १९४७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. फाळणीच्या वणव्यात घरदार गमावून दिल्लीत आलेल्या स्त्रिया आणि मुलांच्या छावण्यांत त्यांनी विजयालक्ष्मी पंडित यांच्यासमवेत काम केले. १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. दोन महायुद्धांच्या दरम्यान पुण्यातील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांत घडून येणारे परिवर्तन तिच्यात चित्रित झाले आहे. त्याच वर्षी विवाह होऊन त्या लीला खरे झाल्या. ‘इनकॉग्निटो’ हे त्यांचे दुसरे पुस्तक थेट १९९३ मध्ये आले. १ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या छायाचित्रातील नारायण मेनन पुढे आकाशवाणीचे महासंचालक झाले. ज्या लघुलहरींवरून लंडनचा आवाज परतंत्र भारतात येत असे, त्याच लहरींवरून स्वतंत्र भारताने स्वतःचा आवाज जगाला ऐकवला. बेंगळुरूच्या येलहंका येथील आकाशवाणीच्या शक्तिशाली प्रक्षेपकांनी या कामात मोठा वाटा उचलला. संमतीच्या शिक्क्याखाली बोलावे लागलेल्या पिढीपासून तेथवरचा हा प्रवास आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यावर, बॉम्बहल्ल्यांच्या सावटातील लंडनमध्ये, कोल्हापूरच्या मातीतील एक मराठी स्त्री ध्वनिक्षेपकासमोर बसली होती, याची नोंद मराठी वाचकाने आवर्जून ठेवायला हवी.