बेकनचं चुकलं कुठे?

फर्स्ट इयरपासून आपण जर्नल लिहितोय. आधी एम, मग ऑब्झर्व्हेशन टेबल, मग ग्राफ आणि शेवटी कन्क्लुजन. (काही हुशार मंडळी कन्क्लुजन आधी लिहून रीडिंग्ज मागाहून ‘बसवतात’, ती गोष्ट वेगळी!) आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हा आग्रह चारशे वर्षांपूर्वी ज्याने धरला तो माणूस म्हणजे फ्रान्सिस बेकन. एवढं आपल्याला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. पण हाच बेकन इंग्लंडचा मोठा न्यायाधीश होता आणि पक्षकारांकडून भेटी घेतल्यामुळे त्याची खुर्ची गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षेच्या एथिक्सच्या पेपरसाठी वाचताना मला हा दुसरा बेकन भेटला आणि डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखप्रपंच.

बेकनचा जन्म २२ जानेवारी १५६१ चा, लंडनमधला. वडील सर निकोलस बेकन हे एलिझाबेथ राणीच्या दरबारात राजमुद्रा सांभाळणारे बडे अधिकारी. पोरगा बाराव्या वर्षी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. म्हणजे आपण सातवीत होतो त्या वयात! पण १५७९ मध्ये वडील गेले आणि धाकट्या फ्रान्सिसच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. त्याने वकिली धरली. बुद्धी अफाट, पण राहणी खर्चिक. उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ त्याला जन्मभर जमला नाही. १५९८ मध्ये तर कर्जापायी त्याला अटकही झाली.

याच काळात अर्ल ऑफ एसेक्स नावाच्या सरदाराने बेकनला मोठं सरकारी पद मिळावं म्हणून खूप खटपट केली. पद काही मिळालं नाही, तेव्हा एसेक्सने त्याला आपल्या मालकीची जमीनच देऊन टाकली. पुढे १६०१ मध्ये एसेक्सने राणीविरुद्ध बंड केलं आणि खटल्यात सरकारतर्फे उभा राहिला कोण? बेकन! एसेक्सचं डोकं उडवलं गेलं आणि लोकांनी बेकनला कृतघ्न ठरवलं. पण मला यात त्याचा स्वभाव दिसतो. भेट ती भेट आणि काम ते काम, या दोन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या ठेवू शकतो, असा त्याला स्वतःबद्दल पक्का भरवसा असावा. हा भरवसा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६०३ मध्ये जेम्स राजा गादीवर आला आणि बेकनचं नशीब उघडलं. १६०७ मध्ये सॉलिसिटर जनरल, १६१३ मध्ये ॲटर्नी जनरल, १६१७ मध्ये वडिलांचंच राजमुद्रेचं पद आणि १६१८ मध्ये लॉर्ड चान्सलर. म्हणजे चान्सरी कोर्टाचा प्रमुख. १६२० मध्ये त्याचा ‘नोव्हम ऑर्गनम’ हा ग्रंथ आला आणि जानेवारी १६२१ मध्ये त्याला व्हायकाउंट ही पदवी मिळाली. माणूस साठीचा आणि एकदम टॉपला!

पुढच्या तीन-साडेतीन महिन्यांत सगळं संपलं.

झालं असं, की पार्लमेंट भरलं आणि दोघांनी तक्रार केली. ऑब्री नावाच्या पक्षकाराने बेकनला १०० पौंड दिले होते आणि एगर्टन नावाच्या दुसऱ्याने ४०० पौंड. आणि गंमत बघा, तक्रार का? तर पैसे देऊनही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला! मग एकेक प्रकरण बाहेर पडू लागलं. बेकनचा जुना प्रतिस्पर्धी एडवर्ड कोक पार्लमेंटात होताच. आरोपांची यादी २८ वर गेली. तिच्यात रोख रक्कम होती, हिऱ्याची अंगठी होती, भिंतीवर लावायचे भारी पडदे होते, सोन्याची बटणं होती, एक किमती कपाट होतं. काही वस्तू खटला चालू असताना आल्या होत्या, तर काही निकालानंतर, आभार म्हणून. शेवटचा आरोप तर असा, की साहेबांच्या नोकरांनीही लोकांकडून भरपूर उकळलं आणि साहेबांनी ते चालू दिलं.

बेकनने आरोप मान्य केले. ३ मे १६२१ ला शिक्षा झाली. ४०,००० पौंड दंड, राजाची मर्जी असेपर्यंत टॉवरमध्ये कैद, पुन्हा सरकारी पद नाही, पार्लमेंटात बसायचं नाही. राजाने काही दिवसांतच त्याला सोडलं आणि दंडाचा बोजाही उतरवला. पण खुर्ची गेली ती गेलीच.

आता बेकनची बाजू. तो म्हणत होता, की भेटी घेतल्या हे खरं, पण न्याय विकला नाही. त्या काळची पद्धतही तशीच होती. अधिकाऱ्यांना पगार कमी, लोकांकडून फी आणि नजराणे घ्यायचे हा रिवाज. खुद्द राणीला नव्या वर्षाला दरबारी मंडळी भेटी देत. शिवाय ऑब्री आणि एगर्टन हरले, हाच त्याच्या बाजूचा पुरावा नाही का?

हा युक्तिवाद ऐकून माझा एक रूमपार्टनर म्हणाला, की मग बेकनचं चुकलं कुठे? प्रश्न चांगला आहे. उत्तर मला बेकनच्याच ग्रंथात सापडलं. ‘नोव्हम ऑर्गनम’ मध्ये त्याने माणसाच्या मनाला ओबडधोबड आरशाची उपमा दिली आहे. समोरची वस्तू जशी आहे तशी त्यात दिसत नाही, आरशाचे स्वतःचे खाचखळगे तिच्यात मिसळतात. म्हणून मनावर विसंबू नका, पद्धत पाळा, असं त्याचं सांगणं. आपल्या भाषेत, इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशनच चुकलेलं असेल तर ते नुसत्या त्याच इन्स्ट्रुमेंटच्या रीडिंग्जवरून कळत नाही. निसर्गाचा अभ्यास करताना ज्याने कुणाच्याही मनावर भरवसा ठेवला नाही, त्याने भेट घेताना मात्र स्वतःच्या मनावर ठेवला. चुकलं ते इथे!

आणि धरून चालू, की त्याचं मन खरंच डगमगलं नाही. तरी समोरच्या पक्षकाराने ते कसं ओळखायचं? त्याच्याकडे मीटर थोडंच आहे?

म्हणूनच आजचे नियम निकाल बदलला का हे विचारत बसत नाहीत, भेटीलाच हात घालतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, महाराष्ट्रात १९७९ चे. केंद्राच्या नियमात भेट म्हणजे फक्त वस्तू नव्हे, फुकटचा प्रवास आणि फुकटचं राहणं-जेवणही भेटच. लग्नकार्यात जवळच्या नातेवाइकांकडून घ्यायला हरकत नाही, मित्राकडूनही चालतं, पण त्या मित्राचं आपल्या ऑफिसात काम अडकलेलं नसावं. ठरलेल्या रकमेच्या वर गेलं की सरकारला कळवायचं. कधीमधी कुणी जेवायला घातलं किंवा गाडीतून सोडलं तर ती भेट धरत नाहीत. म्हणजे नियम माणूसघाणा नाही, व्यवहारी आहे.

बेकन ९ एप्रिल १६२६ ला गेला, तोही कर्जातच. कोंबडीत बर्फ भरून मांस टिकतं का हे बघताना त्याला थंडी बाधली, असं सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर ‘न्यू अटलांटिस’ हे त्याचं अपुरं राहिलेलं पुस्तक छापलं गेलं. त्यात एका काल्पनिक बेटाची गोष्ट आहे. तिथे परके खलाशी अधिकाऱ्याला खुशीने पैसे देऊ करतात आणि तो हसून नाकारतो. कारण सरकार त्याला पगार देतं, आणि बक्षिसी घेणाऱ्याला त्या बेटावर एकाच कामाचे दोनदा पैसे घेणारा म्हणून ओळखतात.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण उद्या पीडब्ल्यूडीत, पाटबंधाऱ्यात, महावितरणात जातील. मेजरमेंट बुकावर आपली सही असेल. पहिल्या दिवाळीला कुणीतरी काजूकतलीचा बॉक्स घेऊन येईल. तो काही मागणार नाही, नुसता हसेल. तेव्हा आपण किती प्रामाणिक आहोत याचा विचार करत बसू नका, बेकनही प्रामाणिकच समजत होता स्वतःला. फक्त एवढंच आठवा, की या बिलाचे पैसे आपल्याला एक तारखेला मिळालेत.