बर्थाबाईंची माहेरची वाट

मर्सिडीज बेंझ हे नाव आपल्या कानावरून गेलेलं असतंच. एखाद्या लग्नाला मुंबईकर पाहुण्यांची तसली गाडी आली की मांडवातली निम्मी पोरं तिच्याभोवती गोळा होतात. त्यातलं बेंझ हे एका जर्मन कुटुंबाचं आडनाव. कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवली, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. पण ती गाडी घेऊन लांबच्या रस्त्याला सगळ्यात आधी लागलं कोण? वाटेत ती कुठे अडते, कशाने तापते, उतारावर कशी हाताबाहेर जाते, हे सगळ्यात आधी अंगावर घेतलं कुणी? त्यांच्या बायकोने, बर्थाने. दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न विचारता, आणि निघाली कुठे तर माहेरी!

बर्था रिंगर ही ३ मे १८४९ला जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावी जन्मली. वडील सुतारकामातून पुढे आलेले, बांधकामाची कामं घेणारे, चांगले पैसेवाले. घरात आधीच्या मुली होत्या. हीही मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलात तशी हळहळीची नोंद करून ठेवली होती, आणि थोडी मोठी झाल्यावर बर्थाने ती वाचली, असं सांगतात. आपल्याकडे असलं बायबलात लिहीत नाहीत, बारशाला आलेल्या बायकाच बोलून दाखवतात, एवढाच काय तो फरक.

कार्ल बेंझ हा इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. हुशार, पण खिशाने फाटका. भागीदाराबरोबर त्याने कारखाना काढला आणि तो भागीदारच अडचणीचा ठरला. तेव्हा बर्थाने लग्नाच्या आधीच आपल्या हुंड्यातले पैसे काढून त्या भागीदाराचा हिस्सा चुकता केला. मला या बाईचं खरं कौतुक इथपासून वाटतं. लग्नानंतर बायकोच्या पैशावर नवऱ्याचा हक्क चाले, तसाच तिथला कायदा होता. तिने स्वतःच्या हाताने पैसे दिले ते लग्नाच्या आधी. २० जुलै १८७२ला लग्न झालं आणि मग सुरू झाली ओढाताण. कर्ज, पाठोपाठ मुलं, आणि नवरा रात्रंदिवस इंजिनात गुंतलेला. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर तीच नवऱ्याला पुन्हा एकदा कारखान्यात घेऊन गेली आणि त्या रात्री इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. पुढे २९ जानेवारी १८८६ला गाडीच्या पेटंटचा अर्ज झाला. त्यावर नाव एकट्या कार्लचं.

गाडी झाली, पण घेणार कोण? लोक घाबरत, हसत. घोड्याशिवाय चालणारं हे धूड वाटेत बंद पडलं तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता, कारण तोवर ही गाडी थोड्या अंतरापलीकडे कुणी नेलीच नव्हती. कार्ल स्वभावाने भिडस्त. अजून एक सुधारणा, अजून एक सुधारणा करत बसणारा. इकडे बर्थाचा सगळा पैसा त्या तीन चाकांत अडकलेला. गाडी विकली गेली नसती तर सहा माणसांचं ते घर रस्त्यावरच आलं असतं.

१८८८चा ऑगस्ट महिना. मुलांना सुट्ट्या लागलेल्या. एके दिवशी पहाटे, कार्ल झोपेत असताना, बर्थाने थोरला ऑयगेन (वय १५) आणि धाकटा रिचर्ड (वय १३) यांना बरोबर घेऊन गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून फोर्त्सहाइमच्या वाटेला लागली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वरच. आपल्या भाषेत रत्नागिरीहून चिपळूण गाठून आणखी पुढे. गाडीचा वेग फार तर तासाला सोळा किलोमीटर. हातात गोल स्टिअरिंग नाही, एक दांडा. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे नव्हता. (ते १८८८ साल होतं. आपण लायसन्स घरी विसरून सुद्धा निघू नये!)

गाडीत त्या काळी इंधनाची मोठी टाकी नव्हती. चार-साडेचार लिटर मावत. पेट्रोल पंप तर जगातच नव्हता. वीसलॉख नावाच्या गावात पोहोचेपर्यंत इंधन संपत आलं. तिथल्या औषधाच्या दुकानात लिग्रोइन नावाचं डाग काढायचं द्रावण मिळे, ते तिने विकत घेऊन गाडीत ओतलं. तेच तेव्हाचं इंधन. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून दाखवतात. गाडी कशावर चालते आणि ते कुठल्या दुकानात मिळतं, हे तिला निघण्याआधी माहीत होतं, हे महत्त्वाचं. आपल्या डॅशबोर्डवर पेट्रोल पंपाचं पिवळं चित्र लागतं तेव्हा टाकीत थोडंसंच उरलेलं असतं. शहरात ठीक आहे. पण रात्री आंबा घाट चढायच्या आधी ते चित्र लागलेलं असेल, तर पुढे पंप कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय घाट सुरू करू नये.

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्थाने टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी साफ केली. मग ठिणगी देणारी वायर घासून उघडी पडली, तिच्यावर तिने मोज्याचा गार्टर गुंडाळला, म्हणजे मोजा घसरू नये म्हणून बांधतात तो पट्टा. बायकांच्या अंगावरच्या वस्तूंनी जगातली पहिली दुरुस्ती झाली म्हणून ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. आजच्या गाडीत मात्र पेट्रोलच्या नळीला पिन लावायला जाऊ नका. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद, सगळे खाली, गाडीपासून लांब, आणि मेकॅनिकला फोन.

पाण्याची कथा अजून मजेची आहे. इंजिन थंड ठेवायला पाणी होतं, पण ते उकळून वाफ होऊन उडून जाई. म्हणून गाव आलं की थांबायचं आणि पाणी भरायचं. आता आपल्या गाडीत तेच काम बंद नळ्यांतून कूलंट करतं आणि आत दाब असतो. तेव्हा तापमापीचं लाल चित्र लागलं, म्हणजे लाटांवर उभी थर्मामीटरची कांडी दिसते ते, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि वाट बघायची. अर्धा तास तरी. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. कुकरची शिटी न काढता झाकण उघडलं तर काय होईल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आमच्या बचत गटातल्या तिघी-चौघींनी गेल्या काही वर्षांत गाडी शिकून घेतली. कुणी आंब्याच्या पेट्या पोचवते, कुणी सासूबाईंना डायलिसिसला नेते. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, दिव्यांचा रंग बघा. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे. पिवळा म्हणजे गाडी लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. त्यातही तेलाच्या झारीचं लाल चित्र लागलं तर गॅरेज समोर दिसत असलं तरी इंजिन बंद करा. तेलाचा दाब गेलेलं इंजिन काही मिनिटांत जाम होतं आणि मग खर्च हजारांत राहत नाही. चावी फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात, तेव्हा घाबरायचं नाही. तेव्हा एखादा लागलाच नाही, तर मात्र शंका घ्यायची. बर्थाबाईंना यातला एकही दिवा नव्हता. नाक, कान आणि हाताचा तळवा, एवढ्यावर तिने ओळखलं.

चढावर गाडी दम टाकी. गाडीला दोनच वेग होते आणि चढ चढायचा गिअरच नव्हता. मग एकाने दांडा धरायचा, बाकीच्यांनी उतरून ढकलायचं, वाटेतल्या गावकऱ्यांनी हात लावायचा. आपल्याकडे गाडी बंद पडली की जमणारे चार हात आणि एक दोरखंड, त्याला आपण टोचन म्हणतो. टोचन करताना दोन गोष्टी बायकांना कुणी सांगत नाही. एक, मागच्या गाडीची चावी चालू ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. दुसरी, इंजिन बंद असलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, खूप जोर लावावा लागतो, म्हणून वेग अगदी कमी हवा. दोर चार-पाच मीटरचा, गाडीच्या हुकालाच बांधलेला, बंपरला नाही. दोन्ही गाड्यांचे चारी इंडिकेटर चालू. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोराने ओढूच नये, गिअरबॉक्स जातो. ती उचलून नेणारी गाडी मागवावी. आणि घाटात टोचनच्या भानगडीत न पडलेलं बरं.

पण खरी परीक्षा उतारावर होती. त्या गाडीला ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे, दांडा ओढला की ते मागच्या चाकांवर घासत. उतार लांबला की लाकूड झिजे आणि गाडी थांबेनाशी होई. बरोबर दोन मुलं! बाउश्लॉट गावात तिने चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. जगातलं हे पहिलं ब्रेक लायनिंग. आज आपण मेकॅनिककडे जाऊन लायनर बदलायचे का विचारतो, त्याची सुरुवात तिथपासूनची.

आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना किंवा कुंभार्ली उतरून चिपळूणला येताना वळणावर एक करपल्यासारखा वास येतो, तो पुढच्या कुणाच्या तरी ब्रेकचा असतो. सारखा पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, त्यातलं तेल उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. दुसरा, गरज लागली तर पहिला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे शहाणे बघितले की मला त्यांच्या मागच्या सीटवरच्या पोरांची काळजी वाटते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि ब्रेकचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह, हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर घाट सुरूच करायचा नाही.

वाट दाखवायला बर्थाकडे नकाशाचा पडदा नव्हता. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांवरून, माहितीच्या गावांच्या आधाराने ती गेली. आता आपल्याकडे फोन बोलतो, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. तो जवळची वाट शोधतो, पण पावसात ती वाट कशी आहे हे त्याला कुठून कळणार? आमच्या भागात ही वाट जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावेसारखी थेट खाडीवर, फेरीबोटीच्या जेट्टीवरही जाते, आणि रात्री तिथे समोर नुसतं काळं पाणी. ठिकाण निघण्याआधी घालून ठेवावं, आवाज चालू ठेवावा, बदल करायचा झाला तर शेजारच्याने करावा नाहीतर थांबून करावा. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा. आणि शंका आली तर पानाच्या टपरीवर विचारावं, त्यात कमीपणा नाही.

अंधार पडताना बर्था माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडी चालवतच परत आली. आली ती यादी घेऊन, चढासाठी वेगळा गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. कार्लने गाडीत कमी वेगाचा गिअर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि हळूहळू गिऱ्हाईकं येऊ लागली. १८९४च्या सुमाराला बेंझची छोटी गाडी शेकड्यांनी बनायला लागली. तोवर बर्थाला पाचवं मूलही झालं होतं.

आपल्याकडे ही लाट यायला फार उशीर झाला नाही. जे. आर. डी. टाटांच्या आई सुझान, मूळच्या फ्रान्सच्या, त्यांनी १९०५मध्ये मोटार चालवली, आणि भारतात गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई मानल्या जातात.

कार्ल बेंझ ४ एप्रिल १९२९ला गेले. बर्था त्यांच्यामागे पंधरा वर्षं जगली, लाडेनबुर्गच्या घरात. ३ मे १९४४ला, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकले त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. बाहेर महायुद्ध चालू होतं. दोन दिवसांनी, ५ मेला, ती गेली. मॅनहाइम ते फोर्त्सहाइम आणि परत, तिने गाडी नेलेल्या त्या वाटेवर २००८पासून तिच्या नावाच्या पाट्या लागल्या आहेत. वीसलॉखच्या त्या औषधाच्या दुकानासमोर तिचं स्मारक आहे.