प्रोफेसर केळफांचे हात

‘फाळके’ हे नाव जरा उलटं वाचून बघा. ‘केळफा’! हे हॉस्टेलवर पाडलेलं टोपणनाव नव्हे बरं का. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने चक्क जादूचे प्रयोग करत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले. चित्रकला, मातीकाम, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई... किती ‘ब्रँच’ बदलल्या, विचारू नका! गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावलं. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून छापखाना उभारला, तर भागीदारांशी बिनसलं. चाळिशीत हातात कला भरपूर, काम मात्र काहीच नाही.

याच सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच ध्यास शिरला. दृष्टी अधू होईपर्यंत अभ्यास केला. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, तंत्र शिकून घेतलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पैसा उभा करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली. महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत! लोकांना वाटलं, जादूच.

आता यातली मेहनत बघा. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. हात अडखळला की पडद्यावरचा माणूस पळत सुटलाच! कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची. अंधारात बसून तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत. हे काम शिकून घेतलं त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांब. फुटाला १६ चौकटी, चौकटीला ८ भोकं, करा हिशेब... पावणेपाच लाखांच्या आसपास! शिवाय घर आणि अख्ख्या युनिटचा स्वयंपाक होताच. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, तेव्हा पडद्यावर या बाईंचे हात कुणालाच दिसले नाहीत.

जादूगार आपली युक्ती कधी सांगत नाही. पण या जादूगाराने ‘चित्रपट कसे तयार करतात’ असा माहितीपटच काढला आणि स्वतः काम करताना दिसला! कारण हातचलाखी लपवावी लागते, हातोटी दाखवता येते.

शेवट काही सुखाचा नाही. १९१८ मध्ये नाशिकला काढलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. मग बोलपट आला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

तेव्हा दोस्तहो, वर्कशॉपमध्ये कानस घासताना हात भरून आला, की केळफा आठवा. आणि अंधारात बसलेल्या सरस्वतीबाईही. चपळ हात कुणी जन्मताच घेऊन येत नाही. तो आधी सावकाश, हजार वेळा तेच करत असतो.