नागपूरच्या पाद्र्याच्या नावाची ‘मगर’

दिंद्रुड (जि. बीड) : या परिसरात कोठेही विहीर खणली तरी काळा पाषाणच लागतो. हा गोठलेला लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मात्र ज्या गोदावरीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे, त्याच खोऱ्यात खूप खाली, प्राणहितेच्या परिसरात, ट्रायासिक काळातील बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे थर उघडे पडले आहेत. तेथील एका मगरसदृश हिंस्र प्राण्याला नागपूरच्या एका पाद्र्याचे नाव लाभले आहे. ‘पॅरासुकस हिस्लोपी’ हा तो प्राणी आणि स्टीफन हिस्लॉप हे ते पाद्री.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शिक्षण हे त्यांचे कार्य. भूगर्भशास्त्र फावल्या वेळेचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी नागपूरभोवतीच्या खडकांचा अभ्यास केला. मांगली येथील उभयचराची कवटी इंग्लंडला गेली, तर मालेरीहून (आता तेलंगणात) मिळालेल्या फुप्फुसमाशाच्या दातांना १८५९ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. गोंड व अन्य आदिवासींविषयीची त्यांची टिपणे पुढे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

ती पाहणे हिस्लॉप यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून ते घोड्यावरून एकटेच परतत होते. बोरीजवळ पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये पॅरासुकसला हिस्लॉप यांचे नाव दिले. गंमत अशी, की लायडेकर यांच्यापुढील अवशेषांत दोन भिन्न प्राण्यांची सरमिसळ झालेली होती! शंकर चटर्जी यांनी १९७८ मध्ये मालेरीच्या थरांतील सांगाड्यांचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा खरा प्राणी समोर आला. लांबी सुमारे अडीच मीटर, जबडा सुसरीसारखा निमुळता. पण नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला नव्हेत, तर डोळ्यांजवळ. हा गट मगरींच्या वंशशाखेवर की तिच्या लगत, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तो शिकारी होता, याबद्दल मात्र शंका नाही. सांगाड्यांच्या पोटाच्या जागी ‘मालेरीसॉरस’ या छोट्या सरीसृपाची हाडे आढळली.

अखेर आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २००३ मध्ये यांपैकी एका सांगाड्याला प्रमाण नमुन्याचा दर्जा दिला आणि हिस्लॉप यांचे नाव टिकले.