मोहेंजोदडोचा वाटाड्या

शाळेत इतिहास शिकवत असताना मी कित्येक वर्षे मुलांना एक वाक्य लिहून देत असे. सर जॉन मार्शल यांच्या कारकिर्दीत हडप्पा व मोहेंजोदडो या प्राचीन नगरांचा शोध लागला, असे ते वाक्य. वाक्यात चूक काहीच नाही. मुले ते पाठ करीत, परीक्षेत लिहीत, गुण मिळवीत. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले की साहेब कारकीर्द करीत होते, मग शोध कोणी लावला? मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली आणि ‘कारकिर्दीत’ या एका शब्दाच्या आड उभा असलेला माणूस मला भेटला. राखालदास बॅनर्जी हे त्यांचे नाव. बंगालमध्ये ते घरोघर ठाऊक आहे. आपल्याकडे नाही. खरे तर या माणसाने आयुष्यातली उमेदीची वर्षे आपल्या पुण्यात नोकरी करण्यात घालवली.

राखालदासांचा जन्म १८८५ चा, मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरामपूरचा. वडील मतिलाल तिथले वकील. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा लाडाकोडात वाढलेला. पुढे आयुष्यभर त्यांचा हात सढळ राहिला. पैसा साठवणे त्यांना कधी जमले नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना त्यांना हरप्रसाद शास्त्रींसारखे गुरू मिळाले आणि जुनी लिपी, जुनी नाणी, जुने शिलालेख यांचे वेड लागले. १९१० मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये रुजू झाले आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात गेले.

एकाच माणसाने किती कामे करावीत? तिशी उलटायच्या आत त्यांनी बंगालच्या पाल राजांवर लिहिले, बंगालीत नाण्यांवर ग्रंथ लिहिला, बंगालच्या इतिहासाचे खंड काढायला घेतले आणि शिवाय शशांक, धर्मपाल अशा ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. बंगाली लिपीच्या उगमावरचा त्यांचा ग्रंथ १९१९ मध्ये छापून आला. पत्नी कांचनमाला देवी याही लेखिका होत्या. दिवसा ताम्रपट वाचायचा आणि रात्री त्याच राजाला कादंबरीत बोलते करायचे, असा हा संसार.

१९१७ मध्ये त्यांची नेमणूक पुण्याला झाली. खात्याच्या पश्चिम विभागाचे मुख्य ठाणे तेव्हा पुण्यात होते आणि महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानचा काही भाग व थेट सिंध असा अवाढव्य मुलूख त्याच्या अखत्यारीत येई. या खुर्चीवर त्यांच्या आधी होते देवदत्त रामकृष्ण भांडारकर. म्हणजे ज्यांच्या नावाचा रस्ता आणि संस्था पुण्यात आहे, त्या सर रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव. देवदत्तपंत त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. मराठी विद्वान बंगालला गेला आणि बंगाली विद्वान महाराष्ट्रात आला. या अदलाबदलीने आपल्या इतिहासाला केवढी कलाटणी मिळाली, ते आता पाहा.

सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यात, सिंधू नदीच्या काठी, मोहेंजोदडो नावाची टेकाडे होती. मेलेल्यांचे टेकाड असा त्या नावाचा अर्थ. देवदत्तपंत १९११-१२ च्या दौऱ्यात तिथे जाऊन आले होते. त्यांनी विटा पाहिल्या आणि निकाल दिला की हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे. विटा अगदी अलीकडच्या वळणाच्या आहेत.

हसू नका. देवदत्तपंत सामान्य माणूस नव्हते. अशोकावर, नाण्यांवर त्यांनी केलेले काम आजही आदराने वाचले जाते. चूक झाली ती विटांच्या गुणामुळे. एका साच्यातल्या, पक्क्या भाजलेल्या, जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी असलेल्या त्या विटा चार-साडेचार हजार वर्षे जुन्या असतील, हे १९१२ साली कोणाच्या स्वप्नातही आले नसते. भारताचा इतिहास वेदांपासून सुरू होतो आणि इमारतींचा पुरावा मौर्यांच्या फारसा मागे जात नाही, अशीच तेव्हा समजूत होती. तिकडे हडप्प्याच्या विटा तर लाहोर-मुलतान रेल्वेच्या कामात रुळांखाली खडीसारख्या वापरून झाल्या होत्या.

राखालदास सिंधमध्ये फिरत होते ते वेगळ्याच शोधात. शिकंदराने परतताना उभारलेल्या वेदी कुठे सापडतात का, हे ते पाहत होते. मोहेंजोदडोच्या टेकाडावर एक पडका बौद्ध स्तूप होता, त्यासाठी ते तिथे गेले. तिथे त्यांना गारेच्या दगडाची एक छिलणी मिळाली. धातू हाती येण्याच्या काळातले हे हत्यार दोनशे वर्षांच्या गावात कसे? आधीच्या साहेबांचा अभिप्राय कागदावर होता आणि तो मोठ्या विद्वानाचा होता. दुसरा एखादा अधिकारी फाइल मिटून पुढच्या मुक्कामाला गेला असता. राखालदासांनी तसे केले नाही. त्यांनी त्या जागेचा पिच्छा पुरवला आणि १९२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे कुदळ मारली.

स्तूपाखाली आणखी जुन्या भिंती लागल्या आणि त्यांत चित्रलिपी कोरलेल्या मुद्रा निघाल्या. तशीच हडप्प्याची एक मुद्रा कनिंगहॅम साहेबांनी अर्धशतकापूर्वी छापली होती आणि ती परदेशी असावी असे म्हटले होते. हडप्प्याला १९२१ पासून दयाराम साहनी खणत होते. दोन्ही गावांत अंतर सहाशे किलोमीटरच्या वर आणि मुद्रा मात्र एकाच घराण्यातल्या! आपल्या हाती लागले आहे ते बुद्धाच्या कितीतरी आधीचे आहे, हे राखालदासांनी ओळखले.

१९२४ च्या उन्हाळ्यात मार्शल यांनी दोन्हीकडच्या वस्तू सिमल्यात एकत्र पाहिल्या आणि २० सप्टेंबर १९२४ रोजी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून जगाला बातमी दिली. इराकमधल्या उत्खननांत तशाच मुद्रा मिळाल्याचे तिकडच्या विद्वानांनी लगोलग कळवले आणि भारताचा इतिहास एका झटक्यात दोन-अडीच हजार वर्षांनी मागे सरकला. मार्शल यांनी राखालदासांचे नाव दडवले नाही, हे सांगितलेच पाहिजे. पण बातमी ज्याच्या नावावर छापून येते, शोधही लोक त्याच्याच नावावर लिहितात.

राखालदासांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. या संस्कृतीचे नाते भूमध्य समुद्रातल्या क्रीटशी जोडण्याचा त्यांचा विचार टिकला नाही. स्वभाव तापट, खर्च अफाट, आणि त्यात मधुमेह. पुण्याहून त्यांची बदली कलकत्त्याला झाली. १९२५ मध्ये जबलपूरजवळच्या भेडाघाटला ते गेले होते. तिथल्या चौसष्ट योगिनींच्या मंदिरातली एक मूर्ती नेल्याचा आळ त्यांच्यावर आला आणि पाठोपाठ त्यांची सरकारी नोकरी संपली. १९२८ मध्ये बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. १९३० च्या मे महिन्यात कलकत्त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे ४५. मोहेंजोदडोवरचे मार्शल यांचे तीन जाडजूड खंड पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये निघाले. राखालदासांनी लिहून दिलेला स्वतःचा अहवाल मात्र पडून राहिला. तो छापून आला १९८४ साली.

मोहेंजोदडोच्या नकाशात खोदलेल्या भागांना तिथे काम केलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांची अक्षरे आहेत. त्यांतला एक भाग आपल्या पंढरपूरच्या काशिनाथ नारायण दीक्षितांच्या नावाचा आहे. ते पुढे या खात्याचे महासंचालक झाले. पहिली कुदळ मारणाऱ्या राखालदासांच्या नावाचा भाग मात्र नाही.

या माणसाने दाखवलेल्या वाटेने पुढे काय काय निघाले! घराघरातली न्हाणीघरे, झाकलेली गटारे, सार्वजनिक स्नानाचे मोठे कुंड, मुलांच्या खेळातल्या मातीच्या बैलगाड्या. चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा निघाला, त्याची तपासणी तर मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत झाली. वजने एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीने चढणारी. सोळा आण्यांच्या रुपयावर वाढलेल्या माझ्या पिढीला ती अनोळखी वाटत नाहीत. त्या संस्कृतीचा उत्तरकाळ आपल्या अंगणापर्यंत आला होता: अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबादला तिच्या खुणा सापडल्या आहेत. लिपी तेवढी अजून कोणाला वाचता आलेली नाही.

कापूस पिकवणारा आणि बैलगाडी हाकणारा आपला शेतकरी या लोकांचा वारस आहे, हे आपण आज सहज बोलून जातो. पण हे बोलता येते ते कोणीतरी एका छिलणीपाशी थबकले म्हणून. देवदत्तपंत विद्वान होते आणि राखालदासही. फरक एवढाच की एकाने विटांवरून निकाल दिला आणि दुसऱ्याने तो निकाल वाचूनही पुन्हा खाली वाकून पाहिले. थोरांच्या अभिप्रायाचा मान ठेवावा, पण तो आपल्या डोळ्यांवर बांधून घेऊ नये, हे मी मुलांना शिकवायला हवे होते.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याने ही पुरवणी उघडलीच, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. उशिराच झाले, पण मी ते वाक्य आता पुरे केले आहे.